तीन मिलिमीटर

मी आयुष्यात पाहिलेलं पहिलं रेल्वे इंजिन वीतभर लांब होतं. १९७४च्या मे महिन्यात काका बोटीवरून सुट्टीला घरी आले. ते जहाजावर फिटर होते, आणि लिव्हरपूलच्या एका दुकानातून त्यांनी तो खोका आणला होता. हिरवं वाफेचं इंजिन, दोन डबे आणि ओटीवरच्या सतरंजीत मावेल एवढा रुळांचा लंबगोल. काकांनी ट्रान्सफॉर्मरची वायर जोडली, बटण हळूच फिरवलं, आणि जळक्या तेलाचा बारीक वास सोडत ते इंजिन निघालं. मी आठ वर्षांचा होतो. आजी जपमाळ बाजूला ठेवून बघत बसली होती.

आमच्या चौलात रूळ नव्हते. रेवदंड्यात नव्हते, अलिबागला नव्हते, खाली मुरुड-श्रीवर्धनपर्यंत कुठेच नव्हते. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत लोहमार्ग आला तो पुढे, आणि तोही मालगाडीपुरता. मुंबईला जायचं म्हणजे रेवसला जाऊन लाँच धरायची. रूळ आणि अलिबाग यांचं जुनं नातं आहे ते उलट्या दिशेचं. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा होती. ट्राम विजेवर धावणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने सुई स्थिर राहणार नाही म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला आलं. रुळांपासून दूर, शांत जागा म्हणून त्या लोकांनी आमचा किनारा निवडला. काकांच्या इंजिनाच्या पोटातही एक लोहचुंबक होता आणि रुळांतून बारा व्होल्ट वाहत होते, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून वेधशाळेवरून जाताना त्या दोन चुंबकांची मला एकदमच आठवण होते.

खरी आगगाडी मी पुढच्या वर्षी पाहिली, आणि ती मला काकांच्या गाडीची मोठी नक्कल वाटली. आधी नमुना, मग वस्तू, असा क्रम माझ्या बाबतीत उलटा लागला आणि तो पुढेही तसाच राहिला. काका मला माथेरानला घेऊन निघाले होते. रेवस, भाऊचा धक्का, बोरीबंदर, मग कर्जतची लोकल. नेरळला उतरलो तेव्हा समोरून मालगाडी जात होती. तिच्या पुढे ते जुनं विजेचं इंजिन होतं, ज्याला रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणत. लांब नाक पुढे, लांब नाक मागे, मधे केबिन, आणि वळणावर अंग सांध्यांतून मोडत जाणारं. किनाऱ्यावरच्या मुलाला ते नाव लगेच पटलं. मालगाडी निघून गेली आणि पलीकडे माथेरानची गाडी दिसली. तिचे रूळ इतके जवळजवळ की मी मधे आडवा झोपलो असतो तर दोन्ही बाजूंनी बाहेर आलो असतो.

“ही खेळण्यातली आहे का?” मी विचारलं.

काका उकिडवे बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ड्रायव्हर बघ. तो लहान झालाय का?”

ड्रायव्हर इंजिनाशी टेकून चहा पीत होता. लहान झालेला नव्हता. त्याची टोपी केबिनच्या छपराच्या फार खाली नव्हती, एवढंच.

“मग गाडी लहान आहे, पण खरी आहे,” काका म्हणाले.

पुढे वाचलं की ही दोन फुटी लाईन आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून उभी राहिली. काम १९०४ला सुरू झालं, गाडी १९०७ला धावली. वाटेत चढ विसास एक इतका खडा आहे. तिच्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेली वाफेची इंजिनं जर्मनीत ओरेनस्टाइन आणि कॉपेलच्या कारखान्यात तयार झाली. त्यांचे कडेचे आस वळणावर थोडे सरकत, म्हणूनच ती त्या नागमोडी घाटात तगली. हे सगळं फार महत्त्वाचं आहे. पण मी त्या दिवशी जे शिकलो ते त्या ड्रायव्हरकडून शिकलो. मोठं आणि लहान हे इंजिनाला इंजिन लावून कळत नाही. मधे माणूस उभा करावा लागतो.

आता माडीवर चौदा फूट लांब आणि सहा फूट रुंद मांडणी आहे. काका गेल्यानंतर तो खोका माझ्याकडे आला, त्यातले पोलादी रूळ खाऱ्या वाऱ्याने गंजून विटकरी झाले होते. नवे रूळ निकेल-सिल्व्हरचे घेतले. ते आमच्या हवेत टिकतात. पहिल्याच पावसाळ्यात प्लायवूड फुगलं आणि एका ठिकाणी रुळांना पोट आलं. तेव्हापासून मृग लागला की सगळ्यावर आईची जुनी नऊवारी पांघरतो. काकांच्या इंजिनाची चाकंही बदलावी लागली, कारण जुन्या चाकांच्या कडा खोल असतात आणि नव्या रुळांच्या खिळ्यांवर त्या टक टक आपटतात. चाकं बदलली, बाकी काही बदललेलं नाही. डाव्या कुशीवर काकांच्या अंगठ्याने रंग पुसट झालेला आहे, तो तसाच ठेवला.

मग श्टुटगार्टहून पुतणीने एक डिझेल इंजिन पाठवलं. तेही त्याच रुळांवर बसतं, साडेसोळा मिलिमीटर. बारा व्होल्टवरच धावतं. पण काकांचं इंजिन ‘डबल ओ’ आहे, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढं. आणि जर्मनीचं ‘एचओ’, म्हणजे सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. रूळ एक, प्रमाणं दोन. याला कारण आहे. ब्रिटनचे बोगदे आणि पूल अरुंद, म्हणून तिथली इंजिनंही अंगाने आटोपशीर. त्यांना सत्त्याऐंशीव्या भागावर आणलं तर त्या काळची मोटर बॉयलरच्या पोटात मावेना. मग त्यांनी अंग थोडं वाढवलं आणि रूळ तेवढेच ठेवले. त्यामुळे काकांच्या इंजिनाचे पाय अंगाच्या मानाने जवळ आहेत. हिशोब केला तर त्याच्या रुळांतलं अंतर खऱ्या जगात १४३५ऐवजी १२५७ मिलिमीटर भरतं.

मी दोन्ही इंजिनं शेजारी उभी केली. आणि गंमत म्हणजे ती एकाच उंचीची दिसली. मूळचं लहान ब्रिटिश इंजिन कमी लहान केलेलं, मूळचं मोठं जर्मन इंजिन जास्त लहान केलेलं. दोघं एका ठिकाणी येऊन भेटली होती. डब्यांच्या बाबतीत तर हे आणखी जुळतं. आपला निळा आयसीएफ डबा सव्वातीन मीटर रुंद, त्याचा सत्त्याऐंशीवा भाग साधारण सदतीस मिलिमीटर. जुना ब्रिटिश डबा दोन पूर्णांक आठ मीटर, त्याचा शहात्तरावा भागही सदतीसच. म्हणजे इंग्लंडचा डबा निळा रंगवला तर तो कोकण रेल्वेच्या गाडीत खपेल, असं मला एक आठवडाभर वाटत राहिलं.

मग दारं दिसली.

एकदा दिसली की दिसतच राहतात. ब्रिटिश डब्याच्या दारातून जो माणूस आत जाईल तो जर्मन इंजिनाच्या दाराला डोकं आपटेल. पायऱ्या, मुठी, खिडकीची कड, सगळं सातात एक या हिशोबाने मोठं. लांबी-रुंदी लपते, दार लपत नाही. कारण लांबी-रुंदी यंत्राची असते आणि दार माणसाचं असतं. काकांनी नेरळला जे सांगितलं होतं ते असं माडीवर परत आलं.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८पासून लोकांना खुलं असलेलं. तिथे सगळं गाव एका प्रमाणात आहे, सत्त्याऐंशीस एक. दिव्याचा खांब, सिग्नल, रस्ता, गाडी. तिथे मी बराच वेळ उभा होतो. त्या शिस्तीचा मला मनापासून आदर आहे, त्या शहरात कुणीही राहायला जावं असं ते आहे. पण घरी येऊन मी काकांचं इंजिन कपाटात ठेवू शकलो नाही.

आणि खरं सांगायचं तर प्रमाण कुणालाच पूर्ण पाळता येत नाही. कोकण रेल्वेची सुरुवात आमच्या रोह्यापासून होते. रोहे ते वीर हा पहिला टप्पा १९९३ साली सुरू झाला, सत्तेचाळीस किलोमीटरचा. सत्त्याऐंशीस एक म्हटलं तरी त्याला पाचशे चाळीस मीटर लागतील. ते आमच्या अंगणातून निघून वाडी ओलांडून पलीकडच्या आळीत जातील. कोकण रेल्वेचं वळण कुठेही १२५० मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र नाही. ते माझ्याकडे चौदा मीटर त्रिज्येचं हवं, आणि माडी तेवढी रुंदही नाही. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पंचाहत्तर मीटर होईल. म्हणून माझी गाडी एका हाताच्या वळणावर वळते आणि दोन फुटांच्या बोगद्यातून बाहेर येते. आपला रूळही मुळात १६७६ मिलिमीटरचा, त्याचा सत्त्याऐंशीवा भाग एकोणीसच्या वर जातो. मी साडेसोळावर चालवतो. डबा एका प्रमाणात, रूळ दुसऱ्या, वळण तिसऱ्या, अंतर चौथ्या. ज्याला आपण एका प्रमाणातली मांडणी म्हणतो तिच्यातही ही चार प्रमाणं गुण्यागोविंदाने नांदत असतात. नांदतात, कारण त्यांच्यापैकी एकही दार नाही.

जिथे दार येतं तिथे मात्र माझी माघार झालेली आहे. कोलाडला ट्रक रेल्वेच्या सपाट वॅगनवर चढतात, गोव्याच्या वेर्ण्यापर्यंत आणि पुढे जातात. १९९९पासूनची ही सोय आहे आणि मला ती अजून पाहावीशी वाटते. आधी ट्रक डुलत डुलत रॅम्पवरून एकामागून एक वॅगनांवर पुढे सरकतात, मग ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून गाडीबरोबर जातात. रस्त्याचा माणूस रुळावर बसून समुद्राच्या बाजूने दक्षिणेला चाललेला. हे मला माडीवर हवं होतं. वॅगन केल्या, दुकानातले धातूचे छोटे ट्रक आणले. ते चौसष्टाव्या भागाचे निघाले. वॅगनवर बसले, पण ट्रकचं दार शेजारच्या इंजिनाच्या दारापेक्षा मोठं, आणि सगळी गाडी एकदम खेळणं झाली. ट्रक काढून टाकले. आता पुठ्ठ्याचे करतो आहे, सत्त्याऐंशीचे. सहा झाले, नऊ राहिले.

दुसरीकडे, मांडणीच्या मागच्या कडेला, सह्याद्री आहे आणि त्याच्या पोटाशी एक नऊ मिलिमीटरचा रूळ. त्यावर ‘एन’ प्रमाणाची गाडी धावते, खऱ्याच्या एकशे साठाव्या भागाची. पुढच्या गाडीच्या जवळजवळ निम्मी. ती कुणालाही लहान वाटत नाही, लांब वाटते. मधे एक टेकडी आहे, झाडं मागे जाता जाता बारीक आणि फिकी होत जातात, डोंगराला निळसर हात दिलेला आहे, आणि गाडीची दारं त्या अंतरावरून दिसत नाहीत. हे मला थळच्या किनाऱ्याने शिकवलं. तिथे उभं राहिलं की उंदेरी आणि खांदेरी दिसतात. एक जवळ, एक मागे. पण समुद्राला दार नसतं, त्यामुळे कुठलं किती मोठं आणि किती लांब याचा अंदाज लागत नाही. खांदेरीवरचा १८६७ सालचा दीपस्तंभ कधी सुपारीच्या खोडाएवढा वाटतो, कधी उदबत्तीएवढा. मग एखादी होडी मधून जाते, तिच्यात कुणीतरी उभा राहून जाळं ओढतो, आणि सगळी अंतरं एकदम जागच्या जागी बसतात.

त्याच नऊ मिलिमीटरच्या यंत्राचा मी आणखी एक उपयोग केला. ‘एन’च्या इंजिनाचं वरचं अंग उतरवलं, खालची मोटर आणि चाकं ठेवली, आणि त्यावर पितळी पत्र्यातून माथेरानचं इंजिन उभं केलं, सत्त्याऐंशीव्या भागाच्या केबिनसह. रूळ थोडे रुंद पडतात, पण दार बरोबर आहे. चाकं लहान जगातली, दार मोठ्या जगातलं, आणि इंजिन खरं. हे माझं सर्वांत आवडतं काम. नेरळचा तो फलाट मी केला आहे, एका बाजूला रुंद रूळ, एका बाजूला अरुंद, आणि अरुंद बाजूच्या इंजिनाशी चहा पिणारा ड्रायव्हर.

काकांचं इंजिन कुठे ठेवायचं हा प्रश्न मात्र उरला होता. मागे ठेवलं तर ते राक्षस होतं. मधे ठेवलं तर दारं भांडतात.

त्या वर्षी दिवाळीत नातवाने अंगणात किल्ला केला. माती, दगड, वर पेरलेले अळीव, आणि कुंभाराकडून आणलेली चित्रं. बुरुज टीचभर, बुरुजावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच, पायथ्याचा वाघ मावळ्याच्या दुप्पट, आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज, किल्ल्याच्या कुठल्याच दरवाजातून आत येऊ न शकणारे. आम्हीही असाच किल्ला करत होतो, आमच्या आधी वडील आणि काका करत होते, आणि कुणाही पोराला कधी त्यात चूक दिसली नाही. ती आहेही कुठे? किल्ल्यात दारावरून माणूस मोजत नाहीत. महाराज किती मोठे ते पोराला ठाऊक असतं आणि तो तेवढे करतो. मूषक गणपतीच्या पायाशी असतो, आणि तोच त्याचं वाहन असतो; आरती म्हणताना आपण वजनाचा हिशोब करत नाही.

हे मी पेणला एका मूर्तिकाराशी बोललो. त्याच्या कारखान्यात टीचभर गणपतीपासून पुरुषभर गणपतीपर्यंत रांगा लागलेल्या असतात आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव असतो. मी विचारलं, हे जमतं कसं? त्याने मूर्तीच्या तोंडावर बोटं ठेवून दाखवली. जुन्या शिल्पशास्त्रात माप बाहेरून घेत नाहीत. मूर्तीचं स्वतःचं तोंड म्हणजे एक ताल, बारा अंगुळं. नवताल मूर्ती म्हणजे नऊ तोंडांची, एकशे आठ अंगुळांची. ते अंगुळही तिचंच. मूर्ती केवढीही असो, ती स्वतःशी प्रमाणात असते. हातात फुटपट्टी घेऊन गेलेला मी तिथे बराच वेळ गप्प बसून राहिलो. काकांचं इंजिन स्वतःशी पूर्ण प्रमाणात होतं. जर्मनीचंही होतं. वाद होता तो फक्त दोघांच्या शेजाराचा.

निघताना मी त्याला एक काम सांगितलं. एक माणूस हवा, तेवीस मिलिमीटरचा. निळा बॉयलर सूट, पाय थोडे फाकलेले, बोटीवरच्या माणसाचे असतात तसे, उजवा हात खिशात. त्याने उंची लिहून घेतली नाही. “तोंड केवढं?” एवढंच विचारलं, आणि काकांचा फोटो मागितला. शाडू एवढ्या बारीक कामाला ठिसूळ पडेल म्हणून त्याने एपॉक्सी पुट्टीत केला. डोळ्यांची आखणी एका केसाच्या कुंचल्याने केली. गणपतीच्या गर्दीतून वेळ काढून, आणि पैसे घेतले नाहीत.

आता मांडणीच्या अगदी पुढच्या कडेला, बघणाऱ्याच्या छातीशी, एक छोटा लंबगोल आहे. सतरंजीवर होता तेवढाच. काकांचं हिरवं इंजिन त्यावर फिरतं. जवळचं म्हणून मोठं. त्याच्या मागे सत्त्याऐंशीव्या भागाचं रोहे स्टेशन, तिथून निळी गाडी वीरकडे जाते, बाजूला नेरळचा फलाट, आणि पार मागे डोंगराच्या कुशीतून एकशे साठाव्या भागाची गाडी. तीन प्रमाणं, पण संध्याकाळी खिडकीतून वाडीतला हिरवा उजेड येतो तेव्हा डोळा पुढून मागे कुठेही न अडखळता जातो.

माणूस मात्र मी पुढच्या लंबगोलाशी उभा केला नाही. तिथे तो दाराच्या हिशोबात बसला असता. मी त्याला नेरळच्या फलाटावर ठेवला, चहा पिणाऱ्या ड्रायव्हरच्या समोर. तिथली सगळी माणसं वीस मिलिमीटरची आहेत. काका त्यांच्यात तीन मिलिमीटर उंच दिसतात. शेजारी एक नऊ वर्षांचा मुलगा आहे, पंधरा मिलिमीटरचा, मान वर करून उभा.